फिकट अक्षरांतली पौर्णिमा

मी पौर्णिमा बोलतेय. आकाशातली नव्हे. मी एका प्रोग्राममधली मेथड आहे, म्हणजे एकाच कामासाठी लिहिलेल्या थोड्या ओळी. लिहिली गेले त्याच दिवशी मी एक व्रत घेतलं होतं. माझ्या नावाने हाक आली, की हाक मारणारा कोण, कशाला बोलावतो, असलं काही न विचारता उठायचं.

मला मैत्रीनं लिहिलं, हिंजवडीच्या ऑफिसात. मंडईजवळ सुशीलाबाई डबे करतात, त्यांच्यासाठी हा प्रोग्राम. ऑर्डर देताना गिऱ्हाईक आपल्या व्रताचं नाव लिहितं. एकादशी, संकष्टी, सोमवार. प्रत्येक नावाची एक मेथड. माझ्या वाट्याला पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे बौद्ध उपासकांचे आठ नेम, पाळणारी माणसं आली. ती बारानंतर जेवत नाहीत. त्यांचा डबा साडेअकराच्या आत पोचावा, एवढंच मी लेबलावर छापायला सांगते.

बाकीच्या मेथडना कुणी बोलवायचं, ते कोडमध्ये आधीच लिहिलेलं असतं. आमचं तसं नाही. ऑर्डर आली की प्रोग्राम तिच्यावरचं नाव वाचतो आणि स्वतःतच शोधतो, 'या नावाची कोणी आहे का आपल्यात?' याला ही प्रोग्रामर मंडळी रिफ्लेक्शन म्हणतात. सापडली की परवानगी तपासायची, तिला काय काय लागतं ते बघायचं, मग हाक. आणि पुढच्या ऑर्डरला सगळं पुन्हा पहिल्यापासून!

त्यामुळे लेबलं रेंगाळायची. सुशीलाबाईंचा फोन यायचा, "अहो, लेबलं आज देताय, की डबे पुढच्या महिन्यात पाठवू?"

मैत्रीच्या शेजारी बसणाऱ्या राकेशला माझा संशय आला. ज्या मेथडला कोडमध्ये कुणी बोलावत नाही, तिची अक्षरं त्याच्या स्क्रीनवर फिकट दिसतात. माझी फिकटच होती. त्याचा कर्सर माझ्या नावापाशी येऊन लुकलुकायला लागला, की मी अंग चोरून घ्यायचे. हा बघायला येत नाही, पुसायला येतो, असं मला सारखं वाटायचं.

"झिरो रेफरन्सेस," तो म्हणाला. "डेड कोड आहे ही. बसून खातेय नुसती."

"असू दे रे, हात नको लावूस," मैत्री म्हणाली आणि मीटिंगला गेली.

दुसऱ्या दिवशी आषाढातली पौर्णिमा होती. आदल्या संध्याकाळीच राकेशनं माझ्या प्रत्येक ओळीपुढे दोन तिरप्या रेघा ओढल्या. अशा रेघा ओढल्या की मेथड असून नसल्यासारखी होते. प्रोग्रामनं हूं की चूं केलं नाही.

"बघा! कुणाला कळलंसुद्धा नाही," राकेश स्वतःशीच म्हणाला.

सकाळी हाक आली. पौर्णिमा! मला ऐकू आली हो, पण उठता येईना. प्रोग्रामनं शोधलं, मी सापडले नाही, आणि अशा वेळच्या नेमाप्रमाणे त्यानं छापलं: साधा डबा, दुपारी एक.

मैत्रीचा फोन वाजला. कर्वेनगरहून तिची आई, चंद्रभागाबाई.

"अगं मैत्री, मोबाइलवर माझ्या डब्याला एकची वेळ दाखवतेय. आज अष्टशील घेतलंय मी, माहीत आहे ना तुझ्या त्या कंप्युटरला? मी राहीन उपाशी, माझं काही नाही. पण विहारातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी तुझ्या शब्दावर डबे सांगितलेत."

मैत्री माझ्यापाशी आली. रेघा दिसल्या.

"राकेश!"

"अगं, हिला कोणी बोलावतच नव्हतं!"

"कोडमध्ये नाही बोलावत. माझी आई बोलावते."

राकेशनं कीबोर्ड पुढे ओढला. रेघा त्यानंच पुसल्या. मग घड्याळाकडे बघून म्हणाला, "पण दर लेबलाला शोधत बसलो, तर बाराच्या आत पोचत नाहीत डबे."

"मग एकदाच शोधू. सापडली की तिचा दुवा हाताशी ठेवायचा. पुढच्या ऑर्डरला सरळ हाक."

किती साधं! फोडणीच्या वेळी मसाल्याचा डबा कुठे आहे, हे कोणी दर वेळी घरभर विचारत नाही. राकेशनंच ते लिहिलं. लेबलं सरसर निघाली. हाक यायची, मी उठायचे, पुन्हा हाक, पुन्हा मी. इतकी धावपळ मी कधी केली नव्हती.

बाराला थोडा अवकाश असताना चंद्रभागाबाईंचा फोन आला. "जेवलो बाई सगळ्या. वरणात मीठ कमी होतं, पण वेळ बरोबर होती."

मी अजून फिकटच दिसते. माझ्यावर मैत्रीनं एक ओळ लिहून ठेवलीय, 'हिला नावाने बोलावतात, पुसू नये.' तरी राकेशचा कर्सर आला की धसका बसतोच. परवा तो एकादशीपाशी थांबला. तीही फिकट. त्यानं थोडा विचार केला, तिचं नाव टाइप केलं आणि हाक मारली. ती उठली. तो पुढे गेला.

तुमच्याही घरात, ऑफिसात अशी कोणी फिकट दिसत असेल. मनात संशय येईल, येऊ दे. पण माझ्यासारखं एक छोटंसं व्रत तुम्हीही घ्या. मी उठायचं घेतलंय, तुम्ही बोलवायचं घ्या. पुसण्याआधी एकदा, तिच्या नावाने, हाक मारा.