बोट ठेवायचा कागद

उचगावच्या समाजमंदिरात दात आणि पोटाच्या तपासणीचं शिबिर होतं. मी गावच्या वाचनालयाचा निवृत्त ग्रंथपाल, म्हणून शिबिर भरवणाऱ्या धैर्यशीलनं माझ्याकडून एक कागद लिहून घेतला. डावीकडं आपलं दुखणं, उजवीकडं डॉक्टर त्याला काय म्हणतात ते. तोंड येणं, माउथ अल्सर. हिरड्यांतून रक्त, पायोरिया. ज्याला बोलवत नाही त्यानं ओळीवर नुसतं बोट ठेवायचं, ही कल्पना माझी. मला स्वतःला चारचौघांत बोलवत नाही, म्हणून सुचली असावी. चांगली होती की नाही, कोण जाणे.

सकाळी छापून आलेला गठ्ठा पाहिला. नववी ओळ गायब होती.

"ती मी काढली," धैर्यशील म्हणाला. "संडासातनं रक्त, म्हणं. पावणं येणार हायती, तात्या. जेवणाच्या वक्ताला असलं वाचायचं व्हय?"

"बरं," मी म्हणालो. आयुष्यभर हेच म्हणत आलो. टेबलाशी जाऊन बसलो.

आमच्या हिनं वर्षभर डॉक्टरांना अ‍ॅसिडिटीच सांगितली. मलाही तेच. तो शब्द लोकांत चालायचा. गुलाबी औषधाच्या बाटल्या मीच आणायचो, आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायचो. आतड्याचा कॅन्सर कळला तेव्हा तो यकृतात गेला होता.

मी पेन काढलं. पहिल्या कागदावर, सगळ्यात वर लिहिलं: संडासातून रक्त पडतं. मग दुसऱ्यावर. घाईत अक्षर वाकडं येत होतं.

"तात्या, सांगितलं न्हवं का तुमास्नी?"

"सांगितलंस. मी ऐकणार नाही."

"लोक हसत्यात की."

"हसू देत. खाली माझं नाव घाल."

तो गठ्ठा ओढायला आला. मी त्यावर दोन्ही हात ठेवले. असं मी कधी कुणाशी वागलो नव्हतो.

तेवढ्यात रांगेत पहिली असलेली भाजीवाली झुंबरबाई पुढं आली. मी लिहिलेला कागद उचलून ती डॉक्टर मुस्कानसमोर बसली.

"काय त्रास होतोय, मावशी?"

"काय न्हाय गं, जरा अ‍ॅसिडिटी," झुंबरबाई मोठ्यांदा म्हणाली. मागं अर्धं गाव उभं होतं. बोट मात्र माझ्या वाकड्या ओळीवर होतं.

डॉक्टर उठल्या आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.

मी पुढचा कागद घेतला. धैर्यशील तसाच टेबलापुढं उभा होता.

"सरक," मी म्हणालो. "उजेड अडतोय."