काउंटरवरचं पेन

सरांनी माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणावर लाल शाईने ‘वगळा’ लिहिलं, तेव्हा माझी पार सटकली. तीन वर्षं घासली होती मी त्यावर. म्हणणं सोपं होतं: ज्या बँकेच्या ग्राहकांना काउंटरवर जाऊन माणसाशी बोलायला आवडतं, ते तिचे शेअरही सोडत नाहीत, म्हणून बाजारात ते शेअर पटकन मिळत नाहीत. अकरा बँकांत जुळलं. बाराव्या बँकेचे शेअर कोणी विकायला काढत नव्हतं, पण ‘काउंटर आवडतो की मोबाइल’ विचारणाऱ्या आमच्या पाहणीच्या फॉर्मवर जवळजवळ सगळ्यांची खूण ‘मोबाइल’वर.

“उद्या समिती आहे,” सर म्हणाले. “कारण सापडलं तर सांग, नाहीतर हे प्रकरण गेलं.”

माझ्या मावशीचं खातं त्याच बँकेत, थोडे शेअरही. तिला तशीच ओढत नेली, फॉर्म भरायला लावलं आणि बाजूला उभी राहिले.

फॉर्मचं पॅड कोणी पळवू नये म्हणून कॅशियरने ते काउंटरला खिळ्यांनी ठोकलेलं. पेन दोरीने बांधलेलं. मावशीने पेन ओढलं, आणखी ओढलं, आणि निमूट ‘मोबाइल’वर खूण केली.

“अगं मावशे, तुला मोबाइलवर साधा फोन उचलता येत नाही.”

“मग काय करू? मला काउंटरच आवडतो. पण तो चौकोन त्या टोकाला, पेन पोचतंय कुठे तिथवर? जिथे पोचलं तिथे केली खूण.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कॅशियरकडे कात्री मागितली.

“पेन गेलं तर?” तो म्हणाला.

“माझ्या नावावर लिहा.”

दोरी कापली. बँक बंद होईपर्यंत साठ ग्राहकांनी नवे फॉर्म भरले. चोपन्न काउंटरवाले. मी मावशीला तिथेच मिठी मारली, रांगेतली माणसं बघत राहिली.

“तुझे इथले शेअर विकशील?” मी विचारलं.

“वेड लागलंय का तुला? घरची बँक आहे.”

धावतपळत सरांकडे पोचले, धापा टाकतच सगळं सांगितलं. सरांनी फॉर्म एकेक करून पाहिले. घाई नाही, काही नाही. माझा जीव मात्र टांगणीला. शेवटी त्यांनी चौथं प्रकरण पुढे ओढलं आणि हात पसरला.

“पेन दे.”

पिशवीत हाताला लागलं ते दिलं. कापलेली दोरी लोंबत होती त्याला. सरांनी दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ‘वगळा’वर काट मारली.