रिकाम्या खड्ड्यातलं भूत

पहिला कोडा बसला की बाई किंचाळे. दुसऱ्याले तिची मान लोंबकळे. चौथ्या-पाचव्याले ती मातीत पडे, अन् मंग भूत उतरवणारा कोडेबाबा तिच्या तोंडात तांब्यातलं तीर्थ ओते. तुम्ही बिडी पेटवून अर्धी ओढा, तेवढ्यात बाई उठून बसे. डोळे उघडे, पदर सावरे, आपल्या लेकराले नावानं हाक मारे. भूत पळालं. अंगणात जमलेले चार-पाचशे लोक एकदम हात जोडत. त्याच्यात माझेबी दोन हात होते.

त्र्याहत्तर सालची गोष्ट आहे. शहरातल्या महाल भागाच्या पलीकडं आमचा कोष्ट्यांचा मोहल्ला, घरोघरी हातमाग. आमचा माग जमिनीतच बसवला राहते. खड्ड्यात पाय सोडायचे अन् दिवसभर विणायचं. त्या साली सूत इतकं महागलं की घेणं परवडेना, अन् विणकरांच्या सोसायटीत मिळेना. एकामागं एक माग बंद पडले. अन् माग बंद पडला, की महिना-दीड महिन्यात त्या घरच्या बाईले झपाटे. चूल फुकता फुकता पडे, नळाच्या रांगेत पडे, दातखीळ बसे. ज्याचा माग चालू, त्याच्या घरी काही नाही. ज्याचा बंद, नेमकं त्याच्याच घरी. हे आम्ही आमच्या डोळ्यानं पाहून राहिलो होतो, म्हणून तं फसलो.

कोडेबाबानं त्याचा अर्थ लावून देला. म्हणे, मागाच्या खड्ड्यात माणसाचे पाय नसले की तिथं हडळ येऊन बसते. ती आधी घरच्या बाईचे पाय खाते, मंग कंबर, मंग काळीज. एकदम नाही खात, हप्त्या-हप्त्यानं खाते. भूतबी किस्तीनं वसुली करते, हे मले त्याच्याच तोंडून समजलं. तवा हसलो नाही. घरी जाऊन माझ्या मागाच्या खड्ड्यात कंदील धरून पाहिलं.

त्याचा कायदा असा, की सोमवारी सकाळपासून बाईनं काही खायचं नाही, पाणीबी नाही. भुताले उपाशी ठेवा म्हणे, तवाच ते बाहेर येईन. मंगळवारी भर दुपारच्या उन्हात अंगणात आणायची. मिरच्यांची धुरी द्यायची, डफ वाजवायचा, बाईले गोल गोल फिरवायचं. ती डगमगली की बाबा ओरडे, आलं, आलं. अन् कोडा उचले. तेल पाजलेला चामड्याचा कोडा, मुठीले पितळेची गोल बोंडी.

माझी बायको सुभद्रा वैशाखात पहिल्यांदा पडली. चौथा महिना होता तिले. मी तिले बाबाकडं नेलं, अन् मीच तिचे दोन्ही हात धरले. दुसऱ्या मंगळवारी पुन्हा नेलं. पाठीची चामडी निघाली होती, लुगडं चिकटे. बाबा म्हणे, ही हडळ जिद्दी आहे, पोटातल्या लेकरावर डोळा आहे तिचा. तिसऱ्या मंगळवारी एकवीस कोडे लागतीन.

त्याच दिवसांत म्युनिसिपालटीनं नाल्याचं काम काढलं होतं. सरकारचा पैसा आला होता, बेकार विणकरांच्या घरच्या कोणालेबी काम. नाला खोदायचा, बांधायचा. हप्त्याचा पगार ज्याच्या त्याच्या हातात, बाईचा बाईच्या हातात. अन् दुपारी सुकडी, म्हणजे गूळ घालून भाजलेलं गहू-चण्याचं पीठ. आमच्या मोहल्ल्यातून एक बाई गेली नाही. कोष्ट्याच्या बाईनं डोक्यावर मातीची टोपली घ्यायची? उद्या पोरींले सोयरीक कोण देईन? सुभद्रानं मले दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी तिच्या अंगावर लोटा फेकून मारला. बाबानंबी आम्हाले टेकू देला, खोदल्या मातीले हात लागला तं हडळ हाडात शिरते म्हणे.

पुष्पलताबाई म्युनिसिपालटीच्या दवाखान्यातली नर्स. छप्पनच्या दीक्षेतलं घर, बाप मिलमध्ये खपलेला. लस टोचाले यायची तवा आमच्या बाया दारातूनच हात पुढं करत, आत ये म्हणत नसत. ती सुभद्राच्या पाठीले मलम लावाले आली. पाठ पुसून झाली, मंग मले म्हणे, "देवरावभाऊ, तिसऱ्यांदा नेलं तं दोन जीव जातीन."

मी म्हटलं, भुताचं तुम्हाले काय समजते.

"नसन समजत. पण नाल्यावर आमच्या वस्तीतल्या चाळीस बाया आहेत. त्यांच्याबी घरी माग आहेत, अन् तेबी बंद आहेत. खड्डे त्यांचेबी रिकामेच. मंग त्यांच्यातल्या एकीलेबी भूत काहून नाही लागलं?"

मले राग आला. तिले बाहेर काढलं. मी तिच्या तोंडावर दार लावलं.

तिसरा मंगळवार. मी सुभद्राची मनगटं धरून उभा. आमच्या बाजूले प्रेमिला म्हणून एक जवान पोरगी, तिचा नंबर नंतर होता, ती उपासानं अन् उन्हानं आधीच आडवी झाली होती. धुरी झाली, डफ वाजला, सुभद्राले फिरवलं. ती खोकली, डोळ्यातून पाणी गेलं, पण पडली नाही. पाय घट्ट रोवून उभी. बाबा म्हणे बोल, कोण आहेस तू. ती बोलेना. त्यानं कोडा घातला. एक. दोन. तीन. जुन्या जखमा फुटल्या, रक्त कमरेपर्यंत आलं. पण तिची मान खाली गेली नाही. बाबाले घाम फुटला. सहावा कोडा त्यानं उडी मारून हाणला.

सुभद्रानं तोंड फिरवलं अन् स्पष्ट म्हटलं, "मी सुभद्रा आहो, बाबा. सकाळी नळावर पुष्पलताबाईच्या हातची सुकडी पोटभर खाऊन आली."

मंग एकच गलका. उपास मोडला, बाई बाटली, त्या नर्सनं बाटवली. पुष्पलताबाई भिंतीजवळ उभी होती. पहिला दगड तिच्या खांद्याले लागला, दुसऱ्यानं कपाळ फुटलं. बाबानं कोडा उलटा धरला, पितळेची बोंडी पुढं, अन् सुभद्राच्या पोटावर नेम धरला.

मी हात सोडले. तो घाव मी पंजावर घेतला. दोन बोटं मोडली, आजबी वाकत नाहीत. कोडा हिसकला अन् त्याच्याच मुठीनं बाबाच्या थोबाडावर हाणलं. दोन दात मातीत पडले. लोकांनी मले खाली पाडलं, छातीवर लाथा घातल्या. माझा चुलतभाऊच पुढं होता त्याच्यात.

त्या झोंबाझोंबीत पुष्पलताबाईनं तीर्थाचा तांब्या उचलला. एका डोळ्यात रक्त, पदरानं पुसे अन् चाले. आमच्या शेजारच्या सखूबाईले त्या बाबानं दोनदा बरं केलं होतं. तिच्यापुढं तांब्या धरला अन् चाख म्हणे. सखूबाईनं बोट बुडवून जिभेले लावलं.

"गुळाचं पाणी आहे गा हे," सखूबाई म्हणे. "मले तं वाटे, भूत गेलं म्हणून तोंड गोड झालं."

पुष्पलताबाई तशीच प्रेमिलाजवळ बसली. मांडीवर डोकं घेतलं, घोट घोट पाजलं. कोडा नाही, डफ नाही, मंत्र नाही. पाचशे लोक पाहून राहिले होते. थोड्या वेळानं प्रेमिलानं डोळे उघडले अन् विचारलं, माझा नंबर झाला का.

कोडा माझ्या हातात होता. तिले एकबी बसला नव्हता. अन् भूत पळालं होतं.

मंग लोक बाबावर धावले. ज्यांनी पुष्पलताबाईले दगड मारले, त्यांनीच. त्या दिवशी त्याचा मुडदाच पडता, पण हीच बाई त्याच्यापुढं आडवी उभी राहिली. म्हणे, याले पोलिसात द्या, मारू नका, उद्या दुसरा बाबा येईन, तवा हात नाही, डोकं लागन. शिपाई येईपर्यंत ती हलली नाही.

उपाशी ठेवायचं, उन्हात फिरवायचं, धुरीनं जीव कोंडायचा, की बाई पडलीच. गूळ पाजला की उठलीच. कोडा फक्त तमाशाले होता. अन् भूत बायांलेच काहून लागे? माग चालू असला तं ताण्याले, म्हणजे उभ्या सुताले, लावायची भाताची खळ शिजे, त्याच्यातली वाटीभर पेज बाया पिऊन घेत. माग बंद पडला, तेबी गेलं. आधी मी जेवत होतो, मंग पोरं, मंग माय. सुभद्रा हांडी पुसून खाय. माझ्या घरात बसली होती ती भूक, अन् मी कंदील घेऊन खड्ड्यात शोधून राहिलो होतो.

पाठ सुकल्यावर सुभद्रा नाल्यावर गेली. टोपली उचलायची नाही, बसून गिट्टी फोडायची, असं पुष्पलताबाईनं मुकादमाकडून कबूल करून घेतलं होतं. हप्त्याभरात सखूबाई गेली, प्रेमिला गेली, मंग गल्लीच्या गल्ली. दिवाळीपर्यंत मोहल्ल्यात एक बाई पडली नाही. नाला बांधून झाला, तवा पुढच्या पावसात हगवणीनं लेकरं मरणंबी कमी झालं. आमची पोरगी जिवंत जन्मली, धडधाकट. जे काम कमीपणाचं म्हणून मी लोटा फेकला होता, त्याच कामानं दोन जीव वाचवले.

मी चौथी शिकलेला माणूस, तुम्हाले काय शिकवू. पण एवढं ऐका. घरात बाई पडली तं बाबाचा पत्ता विचारू नका. काल ती काय जेवली ते विचारा, अन् लाज वाटली तरी उत्तर खरं द्या. तिले दवाखान्यात न्या. घरात दाणा नसन तं पन्नास जण मिळून कचेरीत जा अन् काम मागा, नाला मागा, नर्स मागा. सरकारची तिजोरी तुमच्याच घामाची आहे, ते भीक नाही. अन् काम भेटलं तं बायकोले अडवू नका. मी अडवलं होतं. तिच्या पाठीवरचे वळ बाबाच्या कोड्याचे आहेत, पण हात मी धरले होते.