मीटरच्या पलीकडचं पाणी

“धुवायचं नाही. सरळ टाकीकडे सोडायचं,” साहेब म्हणाले.

लांब दांड्याची चावी झडपेवर बसवून चावीवाला तसाच उभा राहिला. शहर आपलं शुद्ध केलेलं पाणी आसपासच्या गावांना ठोक विकत असे. पलीकडच्या गावाकडे जाणारी ही मोठी वाहिनी दुरुस्तीसाठी काही दिवस बंद होती. बंद वाहिनी रिकामी होते, आणि रिकामी वाहिनी तहानलेल्या जनावरासारखी सांध्यासांध्यातून मिळेल ते ओढून घेते. ही तर अर्धी वाट गटाराच्या कडेने जात होती. म्हणून पहिलं पाणी नाल्यात सोडून द्यायचं, वाहिनी धुऊन निघाली की मगच टाकीकडे वळवायचं, अशी रीत होती. साहेबांनाही ती चांगली ठाऊक होती.

“साहेब, निदान घटकाभर तरी सोडू का नाल्यात?”

“नाल्याचं तोंड मीटरच्या पलीकडे आहे ना बाबा. वाहून गेलेलं पाणीही त्या गावाच्याच नावावर चढतं. त्यांनीच कळवलंय, वाया घालवू नका म्हणून. मीटर ओलांडलं की पाणी त्यांचं. नसती उठाठेव आपण कशाला करायची? टाकीत औषध टाकतातच ते.”

साहेब माणूस वाईट नव्हता. एवढं बोलून ते गाडीकडे वळले आणि टायरला उगाच लाथ मारून बघत राहिले. चावीवाल्याने दांड्यावर भार दिला. जमिनीखालून पाणी घरघरत निघालं.

साहेब निघून जाताच त्याने खिशातून फोन काढला. त्या गावात त्याची ताई राहत होती. आई गेल्यावर तिनेच त्याला न्हाऊ-माखू घालून वाढवलं होतं.

“ताई, आज नळ आला तर ते पाणी पिऊ नकोस. उद्याचंही नको. साठवलेलं आहे ना?”

“पिंपभर आहे. का रे, काय झालं?”

“झालं काही नाही. वाहिनी धुतली नाही. आणि हे बघ, कुणाकडे बोलू नकोस. मी सांगितलं असं कळलं तर माझ्या पोटावर पाय येईल.”

“मी कुणाला सांगायला जाते?” ताई हसली. “चावीवाल्याची बहीण म्हणून एवढा तरी मान मिळू दे.”

त्यालाही हसू आलं. आपलं माणूस सावध केलं, आता जिवाला घोर नाही, असं त्याला वाटलं. माणसाचं मन असंच असतं. आपला उंबरा कोरडा राहिला की पुराचं पाणी ओसरलं असं त्याला वाटतं.

आठवडा सरत आला तेव्हा ताईचा फोन आला. “ये,” एवढंच म्हणाली.

तो गेला तेव्हा ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. पुढ्यात निवडायची भाजी तशीच पडलेली.

“शेजारची चिमणी गेली,” ती म्हणाली.

चिमणी म्हणजे शेजारणीची पोर. शेजारीण शिवणाच्या कारखान्यात कामाला जायची तेव्हा चिमणी दिवसभर ताईकडेच असायची; फक्त रात्रीची घरी.

“माझ्याकडे होती तोवर मी तिला पिंपातलंच पाजलं रे. घरी गेल्यावर...” ताईने पदराने तोंड पुसलं. “सगळ्या गल्लीत उलट्या-जुलाब. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. काल तिची आई मला विचारत होती, ताई, तुमच्याकडे कुणाला कसं काही झालं नाही? काय सांगू मी तिला?”

“सांग, नशीब म्हणून.”

“नशिबाच्या गळ्यात बांधू?” ताईचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला. “तू नको म्हणालास आणि मी गप्प बसले. मधे एक भिंत रे, नुसती एक भिंत. तिच्याकडे बघवत नाही मला. एक हाक मारली असती तर पोर वाचली असती. पण तुझी नोकरी आठवली.”

“मग काय करू आता?”

“मला नको विचारूस.”

 तो उठला, चपला घातल्या आणि शेजारचं दार वाजवलं.

शेजारणीने त्याला ओळखलं. आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली. खोलीत कोपऱ्यात लहान कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. गॅसवर पातेल्यात पाणी उकळत होतं.

“ताईंचा भाऊ ना तुम्ही? पाण्याच्या कामावर?”

“हो. तुमच्या गावाकडच्या वाहिनीची झडप मीच उघडली होती.”  थांबलो तर पुन्हा बोलणं होणार नाही, हे त्याला कळलं. “वाहिनी धुवायला हवी होती. धुतली नाही. मला माहीत होतं. ताईला मी फोन करून सांगितलं होतं. तुम्हाला कुणाला नाही सांगितलं.”

ती रडली नाही. शिव्याही दिल्या नाहीत. तिने दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

“ताईंना माहीत होतं?”

“मी तिला शपथ घातल्यासारखंच केलं होतं. दोष माझा आहे. साहेबांपुढे, कोर्टापुढे, जिथे म्हणाल तिथे सांगेन.”

 पातेल्यावरचं झाकण थडथड वाजत होतं.

“आता चांगलं आहे का पाणी?” तिने विचारलं.

“आता आहे. मी स्वतः पाहिलंय. उकळायची गरज नाही.”

तिने मान हलवली. उठून गॅसपाशी गेली, झाकण बाजूला केलं, आणि आच होती तशीच ठेवून पाण्याकडे बघत उभी राहिली.