बियाला राखलेला भोपळा

मी एक जुना भोपळा आहे. दहिसरच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर टांगलेला. अंगाला सोनेरी रंग, पोटाला भोक, भोकात बल्ब. शी! माझी मलाच किळस येते.

मित्रांनो, मी असा नव्हतो. आमचं बी माझ्या मालकिणीने, प्रेमाने, कणकवलीच्या माहेराहून आणलं आणि दहिसरच्या चाळीत पत्र्यावर वेल चढवला. फळ बुटकं, ठिपक्याठिपक्यांचं, पण भाजी गोड! कीड आली तरी वेल मान टाकत नसे. वेलाचं पहिलं चांगलं फळ प्रेमा कापायची नाही. त्याला चिंधी बांधून बजावायची, "ह्यो बियाक ठेवलेलो आसा. हात लावशात तर बघा!" चिंधीचं शेवटचं फळ मी. सुकलो, तशा पोटात बिया खुळखुळू लागल्या. अख्खी चाळ दर पावसाळ्यात प्रेमाकडूनच बी न्यायची.

मग चाळ पडली, टॉवर झाला. गच्चीवर बाग आली आणि बाजारातली पाकिटं आली. सगळे भोपळे एका मापाचे, चवीला नुसतं पाणी! यंदा एका वेलाला रोग लागला आणि बघता बघता सगळे सडले. गच्चीभर पिवळा चिकट लगदा, त्यात अळ्यांची वळवळ. नाकाला पदर लावून प्रेमा म्हणाली, "थांबा, माझो भोपळो फोडतंय."

घरी येऊन बघते तर मी हा असा! सोसायटीच्या 'आपलं गाव' सजावट स्पर्धेसाठी तिच्या मुलाने, निलेशने, मला रंगवलं होतं.

"बियो खंय?"

"फेकल्या गं. आत किती घाण होती! बघ ना, झकास दिसतोय."

कचऱ्याची गाडी सकाळीच गेली होती. प्रेमा चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांच्या दारोदार फिरली. सुहासिनी म्हणाली, "अगं, तुझ्याकडे असायच्या ना! आम्ही कशाला ठेवू?" प्रत्येक दारात हेच उत्तर.

घाण म्हणे! पिढ्यान्‌पिढ्यांचं बी घाण, आणि हा रंगाचा वास चांगला! वर गाव जपल्याबद्दल मला पहिलं बक्षीस. थू त्या बक्षिसावर!

मित्रांनो, तुमच्या घरी असं एखादं बी असेल तर ते पेरा, चार दारी वाटा आणि स्वतःही राखा. शेजारीण ठेवेल म्हणून बसू नका रे.

काल प्रेमाने मला क्षणभर खाली काढलं, जुन्या सवयीने कानाशी धरून हलवलं. आत काहीच वाजलं नाही.