आधी कान, मग हात

“आधी कान, मग हात. हाताला काय, मेल्याला घाईच असते.”

हा ताईचा आवाज धाकटीच्या कानात लहानपणापासून मुक्कामाला होता. बाबांच्या घड्याळाच्या दुकानात ताई लंबकाच्या घड्याळाच्या पेटीला कान लावायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, “ऐक, लंगडतंय बिचारं. डावा पाय जड टाकतंय.” धाकटीला काही म्हणजे काही कळायचं नाही. पण ताईच्या मांडीवरची जागा सुटू नये म्हणून ती शहाण्यासारखी मान डोलवायची.

मग एके दिवशी जेवताना बाबा म्हणाले, दुकान दादाच्या नावावर होईल. ताईनं ताटातला घास संपवला, हात धुतले आणि पिशवी भरली. धाकटी रडत दारापर्यंत गेली तेव्हा ती वळली. “माझ्या मागं येऊ नकोस,” एवढंच म्हणाली. धाकटी गेली नाही. पुढे दादानं दुकान विकून टाकलं, घरात ताईचं नाव निघेनासं झालं आणि भिंतीवर उरलं एक घड्याळ. ताईनं जोडलेलं शेवटचं.

तेही आता लंगडायला लागलं होतं. चार ठोके टाकायचं, दमायचं, थांबायचं.

धाकटी कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर मेणात दात बसवायचे, संध्याकाळी केसांतली प्लास्टरची पूड झटकायची. घड्याळाचं काय करावं म्हणून फोनवर शोधता शोधता ती जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांच्या एका गटाच्या दाराशी पोचली. दाराशीच नवख्यांसाठी नियम टांगले होते. आल्या आल्या नमस्कार करावा. घड्याळ उघडण्याआधी त्याचा आवाज पाठवावा. स्वतःला प्रवेश मिळेपर्यंत दुसऱ्याला सल्ला देऊ नये, दिल्यास नाव काढलं जाईल. कुणाकडून शिकलात ते सांगावं, कारण आपोआप शिकलेल्यांची बोटंही आपोआप जातात. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत: आधी कान, मग हात.

मेणाची सुरी धाकटीच्या हातातच राहिली.

नियम लिहिणारीला तिथं सगळे ‘दारावरची’ म्हणत. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. तिची जुनी उत्तरं धाकटीनं एकामागून एक वाचली. ‘तेल ओतू नका, ते घड्याळ आहे, भजी नव्हेत.’ ‘लंगडतंय बिचारं.’ ही ताईच होती. आपण कोण ते कळलं आणि हिनं दार लावून घेतलं तर? दुसऱ्यांदा ती कुठं सापडणार? त्यापेक्षा नाव न सांगता कोपऱ्यात बसू. नुसतं जवळ असणंही काही कमी नाही.

तिनं ‘कवळी’ या नावानं नमस्कार लिहिला. घड्याळाचा आवाज पाठवला. कुणाकडून शिकलात, ती जागा कोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. “कवळीताई, डावा ठोका जड आहे. घड्याळ नीट हातांनी जोडलेलं वाटतं. पण शिकवणाऱ्याचं नाव नाही. संध्याकाळपर्यंत लिहा, नाहीतर दार बंद.”

एक मिशीवाले सभासद, निवृत्त बसचालक, खाली लिहून गेले, “लिहून टाका हो कवळीताई. आमची दारावरची गुरख्यापेक्षा कडक आहे. मला दोनदा परत पाठवलं होतं.”

धाकटी टाइप करी आणि पुसे. ‘वडिलांकडून.’ पुसलं. ‘एका ओळखीच्या बाईंकडून.’ तेही पुसलं. ताईशी खोटं बोलायला बोटं वळेनात आणि खरं लिहायला धजेनात.

एवढ्यात गटात नवा फोटो आला. आदल्याच दिवशी प्रवेश मिळालेला एक बेकरीवाला. टेबलावर पालथं घड्याळ, मागच्या पत्र्याचे दोन स्क्रू काढलेले. “तिसरा हटत नाहीये. पक्कड लावतो.”

धाकटीनं फोटो मोठा केला. आत स्प्रिंग घट्ट गुंडाळलेली दिसत होती. चावी पुरती चढलेली. तिसरा स्क्रू निघाला की पत्रा सुटणार आणि ती पोलादी पट्टी सापासारखी उसळून बोटं कापत जाणार. लहानपणी दुकानातल्या एका कारागिराचा अर्धा अंगठा तिनं पाहिला होता, आणि ताई स्प्रिंग कशी सावकाश उतरवते तेही.

मिशीवाले दिसेनात. दारावरची दिसेना. नियम डोळ्यांसमोर टांगलेला: दुसऱ्याला सल्ला देऊ नये.

तिनं लिहिलं, “पक्कड खाली ठेवा. स्प्रिंग चढलेली आहे.”

 कारखान्यात शेजारच्या टेबलावरचं यंत्र घरघरत होतं. मग अक्षरं उमटली: “पत्रा आत्ताच उचलल्यासारखा झाला. दोन्ही हातांनी दाबून धरलाय. बायको टाइप करतेय. घाबरलीय ती. बोलून सांगा ना.”

बोलून. धाकटीनं ओठांवर जीभ फिरवली. आवाज दारावरचीही ऐकणार. तिनं फोन तोंडाशी धरला.

“वहिनी, घाबरू नका. भाऊंना दाबून धरू दे. तुम्ही आधी ते दोन स्क्रू परत बसवा. बसले की भाऊ, हातावर जाड फडकं घ्या, चावी घट्ट धरा आणि शेजारची, चाकाच्या दातांत अडकलेली छोटी खिटी बोटानं उचला. चावी मागं ढकलेल, ढकलू दे, पण एकेक दातच सोडायचा. हात घाई करेल. त्याला गाणं ऐकवायचं. मी म्हणते, तुम्ही ऐकत एकेक दात सोडा.”

आणि प्लास्टरच्या धुळीत, चार सहकारी बघत असताना, धाकटी हलक्या आवाजात गायली:

“उतर गं सोनुले, पायरी पायरी,
कुणी नाही हाकलत, कुणी नाही वैरी;
उतर गं सोनुले, हळू टाक पाय,
खाली उभी तुझी थोरली माय.”

पाठवून दिलं. मग नुसती वाट. मेण थिजलं. शेजारीण म्हणाली, “अगं, दात वाकडा बसतोय,” तेही तिला ऐकू गेलं नाही.

शेवटी बेकरीवाल्याचा आवाज आला. “उतरली. सगळी उतरली. कवळीताई, दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत. गाणं बायकोला पाठ झालं.”

मिशीवाले उगवले. “शाबास कवळीताई. नियम मोडलात, पण माणूस राखलात. आता दारावरची काय करते देव जाणे.”

दारावरची आली होती. नावापुढं हिरवा ठिपका दिसत होता. ती काही लिहीत होती, थांबत होती, पुन्हा लिहीत होती. 

मग एकच ओळ आली. अहोजाहो नव्हतं त्यात.

“ते गाणं मी केलेलं आहे. कुणाला दिलेलं नाही, एका पोरीशिवाय. तू कुणाकडून शिकलीस?”

धाकटी उठली, कारखान्याच्या मागच्या जिन्यात जाऊन पायरीवर बसली. टाइप करायचं तिच्यानं होईना. तिनं पुन्हा फोन तोंडाशी धरला.

“तुझ्याकडून. ताई, मी धाकटी. घड्याळ आपल्या घरचं आहे. बाबा त्याच्याखाली खुर्ची टाकून बसतात, दादालासुद्धा हात लावू देत नाहीत. म्हणतात, जिनं जोडलंय तीच उघडेल.” तिनं फोन दुसऱ्या हातात घेतला.  “येऊ नकोस म्हणालीस, म्हणून आले नाही गं. पण मला यायचं होतं. तेव्हाच यायचं होतं.”