चोथ्याचे लाडू

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी राधेश्याममामा चहाला आला होता, आणि तो चहा संपायला संध्याकाळ झाली. मामाचा चहा असाच असतो. कप रिकामा होतो, मामा होत नाही.

मी उन्हाळ्याच्या सुटीत अंबडला आले होते. घर स्टँडच्या मागे, आणि स्टँडसमोर लतीफभाईंचं ज्यूस सेंटर. मोसंबीचा रस काढून उरलेला चोथा ते पूर्वी एका गवळ्याच्या म्हशींसाठी ठेवायचे. मग आईची शुगर वाढली, डॉक्टरांनी फायबर खायला सांगितलं, आणि औषधाच्या दुकानातून भुकटीचा एक डबा घरी आला. त्यावर संत्र्याचं चित्र होतं. माझी भावजय वंदना हिने तो वाचून दाखवला. आई म्हणाली, "म्हंजे फळाचा चोथाच की. इथं तर रोज म्हशी खाऊन राह्यल्या." दुसऱ्या दिवसापासून म्हशींचा वाटा आमच्या घरी यायला लागला.

ती त्यातल्या बिया वेचायची, चोथा टबातल्या कोमट पाण्यात टाकायची, कडूपणा निघावा म्हणून ते पाणी पुन्हा पुन्हा बदलायची, जुन्या लुगड्यात पिळून गच्चीवर वाळवायची आणि दळायची. मूठभर ज्वारीच्या पिठात, बाकीचं खजुराबरोबर लाडवात. टबाला कुणी हात लावलेला तिला चालत नसे. लतीफभाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, मोसंबीचा रस गिऱ्हाइकाला समोरच प्यायला लावतात, ठेवला की कडवतो, चोथ्याचंही तेच. पण कडू झालं की नाही, हे तिचं तिला कळत नसे. कित्येक वर्षं रोज सकाळी कडुलिंबाचा पाला चावून तिच्या जिभेने कडूशी कायमचा समझोता केला होता. म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला लाडू द्यायची आणि विचारायची, "कसा झालाय?"

लोक सभ्य असतात. तोंडावर 'छान' म्हणायचे आणि उरलेला अर्धा लाडू आमच्याच दारातल्या गाईला घालायचे. गाय मात्र तो हुंगून पुढे जायची. आमच्या गल्लीत स्वतःचं मत असलेली तेवढी एकच होती. मामा निदान उघड हसायचा. "अक्का, आता कडबा कवापासून वाढणार? पाहुण्यांना दावणीलाच बांध."

त्या दुपारी लतीफभाईंनी दारातून हाक दिली. "द्वारकाअक्का, माल ठेवला. जल्दी भिजवा, आज ऊन बेकार हाय." आईने चोथा पाण्यात टाकला, आणि मामाची गाडी दारात उभी राहिली.

मामा बदलला होता. पुण्याच्या एका मॉलमध्ये त्याने आमचा चोथा पाहिला होता. काचेच्या बरणीत, इंग्रजी अक्षरांत. त्यामुळे त्याला आता चोथ्याबद्दल आदर वाटत होता. जालन्याला एमआयडीसीत शेड पाहून ठेवलं होतं. वाळवायचं मशीन, दळायचं मशीन, पाकिटं.

"तू तर कडबा म्हणायचास," आई म्हणाली.

"ते गमतीत गं. तू माझी अक्का. तुझी रीत तेवढी सांग, बाकी मी बघतो बराबर."

आई उठली. "पाणी बदलून आले."

"बस गं. पाणी कुठं पळून राह्यलं?"

ती बसली. थोड्या वेळाने पुन्हा उठली. "राधेश्याम, ते कडवंल."

"बस म्हणतो ना. तुझ्याच भल्याचं सांगून राह्यलो."

मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून ते ऐकत होते. फायबर या विषयावर मामाला एवढंच ठाऊक होतं की ते विकलं जातं, आणि त्या एका माहितीवर तो तिन्हीसांजेपर्यंत बोलला.

तो गेल्यावर आईने चोथा पिळून गच्चीवर पसरला. रात्री जेवताना तिने नेहमीसारखी मला साधी भाकरी वाढली, आणि स्वतःच्या ताटात चोथ्याची घेतली.

"या खेपेचे लाडू तुला देणार हाय, दीपे."

"आजवर का नाही दिलेस?"

"तू खरं बोलतीस." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "बाकीचे माझं तोंड बघून बोलतात. या बारीला तू खा, मंग सांग."

"बरं," मी म्हणाले. आमच्यात एवढं बोलणं म्हणजे पुष्कळ झालं. तिच्या डब्यातला एक लाडू मी दिवाळीत तिच्या नकळत खाल्ला होता, हे मी सांगितलं नाही. तिने विचारलं नव्हतं.

सकाळी ती उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं असावं, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर माणसांची रीघ लागली. भोकरदनपासून लोक आले. ज्यांनी तिचे लाडू गाईला घातले, ते आता तिच्या हाताच्या चवीबद्दल डोळे पुसत होते. मेलेल्या माणसाला चांगलं म्हणायला पैसे पडत नाहीत, म्हणून सगळे सढळ हाताने म्हणतात.

तेराव्याच्या आधी वंदना माझ्याकडे आली. "ताई, गच्चीवरचा चोथा तसाच पडला. पार वाळून गेला. फेकू का?"

मी काही बोलायच्या आत मागून मामा म्हणाला, "फेकायचा कशाला, पोरी? दळ. लाडू बांध. अक्काचा शेवटचा प्रसाद हाय तो."

वंदनाने लाडू बांधले. तिने एक चाखून पाहिला आणि मामाला जाऊन सांगितलं, "मामा, कडू झालेत."

"मयताच्या घरचं कडू-गोड बघत नसतात," मामा म्हणाला.

तेराव्याला दारात मंडप पडला. आमच्याकडे हल्ली तेराव्याला माईक लागतो. माणूस किती मोठा होता हे किती जण बोलले त्यावर ठरतं. आईचा फोटो फ्लेक्सवर होता, आणि त्याच फ्लेक्सच्या कोपऱ्यात मोसंबीचं चित्र होतं, खाली मोठ्या अक्षरांत 'द्वारकामाई फायबर'. सोमेश्वरने, माझ्या भावाने, ते पाहिलं आणि मान खाली घातली. कपाळावरचं गंध पुसत बसला.

आईच्या नावाचं पहिलं पान फोटोसमोर वाढलं होतं. त्यावर पुरणपोळी, वडे आणि एक लाडू. बाकीचे लाडू पंगत बसण्याआधीच सगळ्यांच्या हातावर ठेवले गेले.

मामाने माईक हातात घेतला. अक्काने त्याला शेवटच्या भेटीत सगळी रीत समजावून सांगितली होती, असं तो म्हणाला. तिचं हेच स्वप्न होतं. पेढे-बर्फीच्या जमान्यात तिने चोथ्यात आरोग्य पाहिलं. मग त्याने लोकांना लाडू तोंडात टाकायला सांगितलं.

मंडप चघळू लागला. एकाच वेळी इतके लोक गिळायला धडपडताना मी प्रथमच पाहत होते. एका बाईने पदर तोंडाला लावला आणि तो तिथेच राहिला. पहिल्या रांगेत एक माजी सभापती होते; त्यांचा घास गालात अडकला होता आणि चेहऱ्यावर भक्तिभाव.

"अमृत," ते शेवटी म्हणाले.

"अमृत," मागून दोघं-तिघं म्हणाले. कुणीतरी "काय गोडी" असंही म्हणालं, आणि ती कुठे सापडली हे मला त्याला विचारावंसं वाटलं. कडेच्या खुर्चीवर लतीफभाई होते. त्यांनी एक घास खाल्ला, उरलेला लाडू रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि फोटोकडे पाहत बसले.

"लेक प्राध्यापक हाय," मामा माईकवर म्हणाला. "दोन शब्द बोलंल. ये, दीपमाला."

मी सभेत बोलत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वंदनाने माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. उठू नका, असं तिला म्हणायचं असावं. मी उठले. परातीतला एक लाडू घेतला आणि उभ्यानेच सगळा खाल्ला. वेळ लागला. लोक वाट पाहत राहिले. शेवटचा घास घशाखाली गेल्यावर मी माईक घेतला आणि फोटोकडे वळले. लोकांकडे पाठ झाली.

"आई," मी म्हणाले, "लाडू कडू झालेत. दिवाळीतले पण कडू होते, मी तुझ्या डब्यातून एक खाल्ला होता, तो थोडा कडू होता. हे फार कडू आहेत. पण तू चुकली नव्हतीस. पाणी बदलायला तू दोनदा उठलीस आणि तुला बसवलं. वेळेवर बदललं असतं तर हे चांगले झाले असते. तू मला विचारलं होतंस, म्हणून सांगते."